दीडशे रत्तलांचा कडता

या, बसा. खिडकीत कोंबडी बसली असेल तर खुशाल हाकला तिला. रोजचीच आहे, राग धरणार नाही. थळच्या ठमाबाई कोळणीच्या परसात तुम्ही उभे आहात, आणि समोर हा जो सुकट ठेवायचा लाकडी डबा दिसतोय ना, तो मी बोलतोय. नाकाला पदर लावू नका हो बाई. हा वास आत्ताचा. माझा मूळचा वास पिकल्या केळ्यांचा होता.

मी विमान. म्हणजे होतो. पंख गेले, शेपूट गेलं, दोन्ही इंजिनं कंपनीने नेली. उरलाय तो माणसं बसायचा मधला डबा. पण एके काळी हाच डबा दिवेआगरहून थळला तासाच्या आत येत असे. लोकांना ती वाट मचव्याने करायला अख्खा दिवस लागायचा, आणि वारा रुसला तर दोन.

लोकांची एक समजूत असते की विमान लोहार घडवतात. मला सुतारांनी घडवलं आणि शिंप्यांनी शिवलं. विलायतेतल्या एका कारखान्यात फळ्यांचा डबा झाला, पंखांच्या लाकडी फासळ्यांवर कापड ताणून शिवलं, आणि त्या कापडावर रोगण चढवलं. त्या रोगणाचा वास हुबेहूब पिकल्या केळ्यांचा. पेट्यांत भरून मुंबईला आलो तेव्हा गोदीतले हमाल पेटी हुंगून म्हणाले, "सायबाच्या देशात पण वेलची केळी पिकतात वाटतं!"

मला इंजिनं दोन, एक डाव्या पंखावर, एक उजव्या. कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाला सांगायचा, "अहो, बैलजोडी आहे ही. एक बैल बसला तरी दुसरा गाडी घरी नेतो." ऐकायला किती गोड! पण तो अर्धंच सांगायचा. गाडीत माल किती भरलाय, हे त्या गोष्टीत कुठे यायचंच नाही.

छत्तीस साली, पावसाळा संपला तशी, माझी फेरी सुरू झाली. जुहूहून निघायचं, थळच्या वाळूवर उतरायचं, मग दिवेआगरच्या वाळूवर, आणि त्याच वाटेने परत. विमानतळ वगैरे काही नाही. ओहोटी लागली की समुद्र जी ओली, कडक पट्टी मागे सोडतो, तीच आमची धावपट्टी. कंपनीने वेळापत्रक छापलं होतं तारखांचं. किनाऱ्यावर ते कुणी वाचलं नाही. लोक तिथी विचारायचे. "आज अष्टमी ना? मग दुपारच्या सुमाराला येईल छकडा." होय, छकडा म्हणायचे मला. सुरुवातीला वाईट वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की इथे माणूस ज्याला टोपणनाव देतो त्याला घरातला धरतो.

मला हाकणारा होता अनंता. याच ठमाबाईचा मुलगा. पोरवयात मुंबईला गेला, लाँचच्या इंजिनांत हात काळे केले, मग जुहूच्या मैदानावर विमानांचा मिस्त्री झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबाने त्याचा हात ओळखला आणि त्याला उडायला शिकवलं. बोलणं कमी. वाळूवर उतरला की आधी टाच रोवून बघायचा, पाणी वर येतं का. कुणी विचारलं, विमान पडत कसं नाही रे, तर सांगायचा, "चालीवर. होडीचं शीड वाऱ्यातून सुटलं की होडी निस्ती डुलत राहते ना? तसंच हे. चाल तुटली की संपलं. उंची गेली तर जाऊ द्यावी, चाल सोडू नये."

आणि दिवेआगरला कंपनीचे अडते होते धर्माजीशेट.

त्यांच्याबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण माणूस मला आवडायचा. सुपारीचे व्यापारी. शाळा चार बुकांची. बाकीचं सगळं वखारीत शिकले. सुपारी कानाशी हलवून सांगायचे की आत किती सुकली आहे. दारी आलेला माणूस शहाळं प्यायल्याशिवाय परत गेला नाही. आणि मापाच्या बाबतीत त्यांची एक ख्याती होती: धर्माशेट कडता देताना हात आखडत नाहीत.

कडता म्हणजे काय, ते शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. पोत्याचं वजन केलं की त्यातून बारदानाचं आणि ओलीचं म्हणून थोडं वजा करतात. ती सूट म्हणजे कडता. माल मुंबईला पोचेपर्यंत सुकतो, हलका होतो, मग ते आधीच सोडून दिलेलं बरं. व्यापारातली ती सभ्यता आहे. धर्माशेटांची चूक एवढीच, की ती सभ्यता त्यांनी माणसांनाही दाखवली.

माझ्यात बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन करावं लागे. शेटांनी वखारीतला मोठा काटा किनाऱ्यावर आणून सुरूच्या झाडाला टांगला होता. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात लोखंडी मापं. बघायला निम्मा गाव. त्यातून शेटांची थोरली बहीण नीराबाई पारड्यात बसायची तेव्हा तर जत्राच.

"धर्मा, मापं कमी ठेव हो. लोक बघतायत."

"अगं ताई, काटा खोटं बोलत नाही."

"काटा नसेल बोलत. तू बोल!"

लोक हसायचे, शेट हसायचे, आणि कागदावर लिहिताना वीस रत्तल, म्हणजे दहाएक शेर, सोडून द्यायचे. पोस्टमास्तर दयाराम एकदा म्हणाले, "शेट, मी नेसूचं धोतर, कोट, पगडी सगळ्यासकट बसलोय."

"मग ते बारदान झालं. दहा रत्तल कडता तुम्हाला. आणि मास्तर, ओल्या सुपारीला सूट देतो मी. माणूस तर सगळा ओलाच!"

मला ते कळायचं. कागद फसतो, मी कसा फसणार? वाळू सोडताना माझी चाकं जरा जास्त धावायची, शेपूट उशिरा वर यायचं. पण दोन्ही इंजिनं ठणठणीत असली की असली उधारी खपून जाते. अनंताला मात्र शंका यायची. एकदा त्याने शेटांना आपल्या पाठीमागच्या झरोक्याशी बसवून वर नेलं आणि मुद्दाम उजवं इंजिन बंद केलं. शेटांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"बघा," अनंता म्हणाला, "डाव्या इंजिनावर चाललोय. वजन कागदावरच्याएवढं असेल तर मी अशानं थळची वाळू गाठतो. जास्ती असलं तर गाठत नाही. शेट, तुमच्या त्या कागदावर माझा जीव असतो."

"अरे लेका, समजलं मला!" शेट म्हणाले. उतरल्यावर त्याला दोन शहाळी पाजली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पारड्यापुढे हसत उभे राहिले. त्यांना समजलं नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याला पुरं वजन सांगणं त्यांच्या हातून होईना. कंजूषपणा वाटायचा.

माघ वद्य नवमीचा दिवस. शेटांची मुलगी गोदू सात महिन्यांची पोटुशी होती आणि पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वैद्यांनी सांगितलं, मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्या, मचव्याचे हेलकावे नकोत. म्हणून माझ्यात बसली. बरोबर शेट स्वतः, नीराबाई, आणि बदलीवर निघालेले दयाराम मास्तर. मागच्या दोन खुर्च्या काढून तिथे सुपारीची तीन पोती रचली.

गोदूला पारड्याकडे नेलं तशी नीराबाई आडवी आली. "पोटुशीला तोलायचं? वेड लागलंय का तुला? दृष्ट लागेल पोराला!"

शेट थबकले. घरची रीत तीच होती. त्यांनी लग्नाआधीचं गोदूचं वजन आठवलं आणि तेच लिहिलं. नीराबाईंचे वीस सोडले, मास्तरांचे दहा. स्वतःचं वजन कैक वर्षांपूर्वीचं. पोत्यांमागे पंचवीस-पंचवीस, कारण रोठा सुपारी अजून ओली होती. अनंताने कागद घेतला, बोटाने बेरीज तपासली. बेरीज अगदी बरोबर होती.

त्या दिवशी माझ्यात पाच माणसं होती आणि सहावं एक, जे कुणाला दिसत नव्हतं. दीडशे रत्तलांचं.

थळ दिसायला लागलं तेव्हा वारा समोरून होता. डाव्या हाताला समुद्रात उंदेरीचा किल्ला, पुढे वाळू, वाळूच्या अलीकडे काळा खडप: धारदार, कालवं चिकटलेला, पाण्यातून दात काढून बसलेला. अनंताने वेग कमी केला, मला उतरणीला लावलं. सहा-सात माड एकावर एक उभे करावेत एवढीच उंची उरली होती. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका दिसत होत्या.

आणि माझं उजवं इंजिन फुटलं.

बंद पडलं नाही, फुटलं. आधी तेलाची नळी गेली. कढत तेल खिडक्यांवर सपकन बसलं, आतलं सगळं काळोखलं. लगेच आतला पोलादी दांडा तुटला आणि इंजिनाचं पोट फाडून बाहेर आला. त्याचा एक तुकडा माझ्या पंखातून आरपार गेला, कापड टरकन फाटत गेलं. दुसरा तुकडा डब्यात घुसला आणि मास्तरांच्या खांद्याचं हाड मोडून पलीकडच्या फळीत रुतला. मास्तर ओरडले तो आवाज माणसाचा वाटला नाही.

डावं इंजिन अजून ओढत होतं, उजवीकडे काहीच नव्हतं. मी गर्रकन उजवीकडे वळलो आणि तो पंख खाली कोसळायला लागला. दोन क्षण तसाच राहिलो असतो तर उलटून डोक्यावर पडलो असतो. पण अनंताचा डावा पाय माझ्या पट्टीवर आदळला. हे पायाने दाबायचं लोखंड. डावं दाबलं की शेपूट मला डावीकडे धरून ठेवतं. अख्ख्या अंगाचा भार देऊन त्याने ते दाबलं. डावं इंजिन पुऱ्या जोरावर सोडलं, नाक खाली केलं. मी थरथरत सरळ झालो.

आता हिशोबाप्रमाणे मी सावकाश उतरत वाळूवर पोचायला हवा होतो. अनंता उंचीच्या काट्याकडे बघत होता. काटा सावकाश उतरत नव्हता. पडत होता.

मागच्या झरोक्यातून तो ओरडला. एरवी शेटांशी मुंबईची भाषा बोलणारा अनंता. तेव्हा थळची तोंडात आली.

"शेट! कागदावर हाय तेवढंच वजन हाय ना?"

शेटांच्या कपाळातून रक्त वाहत होतं. त्यांनी गोदूकडे पाहिलं.

"शेट! बोला!"

"नाही रे अनंता... कडता धरलाय मी. सगळ्यांचा."

"किती?"

"दीडशे," शेट म्हणाले. बेरीज त्यांच्या मनात तयारच होती. बहुधा सकाळपासून होती. "दीडशे जास्त आहे!"

"धर्मा!" नीराबाई किंचाळली. "काय केलंस हे!"

"दार उघडा! पोती फेका! मान्सा आत, पोती भायेर!"

दार उघडताच वाऱ्याने ते बिजागरीतून उपटून नेलं. शेटांनी आणि एका हाताने मास्तरांनी पहिलं पोतं ढकललं. दुसरं पोतं दाराच्या कडेला अडकून फाटलं आणि सुपाऱ्या माझ्या शेपटीवर गोळ्यांसारख्या तडतडल्या. तिसरं हलेना. नीराबाईने गोदूला खाली बसवलं, दोन्ही गुडघ्यांत धरलं, गाद्या-उशा जे हाताला लागलं ते तिच्या पोटाभोवती रचलं आणि स्वतः तिच्यावर ओणवी झाली. ज्या अंगाची पारड्यात थट्टा व्हायची, तेच अंग तिने भिंतीसारखं उभं केलं.

त्या दोन पोत्यांनी मला चार-पाच माडांच्या लांबीएवढं अंतर दिलं. तरी वाळू मिळणार नव्हती. समोर खडपच येत होता.

अशा वेळी हात आपोआप नाक वर ओढतात. मलाही वाटत होतं, ओढ, जरा ओढ, वाळू त्या तिथे तर आहे! ओढलं असतं तर चाल तुटली असती आणि मी दगडासारखा त्या दातांवर पडलो असतो. अनंताने ओढलं नाही. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वाळू ऱ्हाऊदे. होड्यांची वाट धरतो."

खडपाच्या मधून एक अरुंद घळ वाळूकडे जाते. तळाला रेती, कमरेएवढं पाणी. थळच्या होड्या तिथूनच आत येतात. वरून पाहणाऱ्याला ती दिसतही नाही. सगळं सारखंच काळं दिसतं. पण त्याने लहानपणी त्या घळीत पागोळी, म्हणजे खेकड्यांची छोटी जाळी, फेकली होती. त्याने मला हलकेच डावीकडे, चालत्या इंजिनाच्या अंगाला कलवलं. घळ माझ्या पंखांहून खूपच अरुंद होती. डब्यापुरती मात्र होती. पंख मोडणार हे त्याला ठाऊक होतं. पंखच मोडायला हवे होते त्याला, म्हणजे जोर तिथे मोडेल आणि डबा वाचेल.

घळीच्या तोंडाशी वाट दाखवायला एक जाडजूड खांब रोवलेला असतो, वर लाल फडकं. तो अगदी समोर आला. उजवीकडे घ्यावं तर डबा खडपावर, डावीकडे घ्यावं तरी खडपावर. पेट्रोलची तोटी त्याने बंद केली. इंजिन थांबलं. एकदम शांत झालं, नुसता तारांतून वारा.

"आये गं," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

मग मी आपटलो. डावा पंख कालवांच्या धारेवर गेला आणि मुळापासून उखडला. उजवा चुरा झाला. चाकं तुटून पोटात घुसली. फासळ्या मोडताना बांबूचं बन जळावं तसा आवाज. आणि माझं नाक त्या खांबावर गेलं. खांब नाकातून आत आला. माझ्यात हाकणारा एकटा पुढे, नाकात बसतो.

पाणी घुसलं. तेल, रक्त, सुपाऱ्या, सगळं तरंगायला लागलं. मी कुशीवर पडलो होतो आणि दाराची चौकट पाण्याखाली होती. पण तोवर थळचे कोळी पाण्यात शिरले होते. "कोयता आन! फोड त्याला!" माझ्या पाठीवर कोयते पडायला लागले. मी कधी मार खाल्ला नव्हता. पण त्या घावांइतकं बरं मला दुसऱ्या कशानेच वाटलं नाही. फळी फुटली, उजेड आला, हात आत आले. आधी गोदू. "सांभालून रं, दोन जिवाची हाय!" मग नीराबाई, बरगड्या मोडलेल्या, तरी गोदूचा पदर मुठीत. मग मास्तर. शेट शेवटी निघाले.

अनंताला काढायला वेळ लागला. खांब कापावा लागला. त्याचा डावा पाय पट्टीवर तसाच दाबलेला होता. लोखंड वाकलं होतं, पाय सुटला नव्हता. ठमाबाई बोंबलांची पाटी टाकून धावत आली होती. तिने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः पाण्यात बसली आणि एक-एक करून त्याच्या पायाची बोटं सोडवली.

गोदूला बैलगाडीने अलिबागला नेलं. दोन जीव वाचले.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

आठ दिवसांनी चौकशी झाली. मी भरतीच्या रेषेवर ओढून टाकलेला. शेजारीच तंबू ठोकून कंपनीचा साहेब आणि सरकारी अंमलदार बसले. पुढ्यात शेटांचा कागद. साहेबाने बेरीज केली, पुन्हा केली. "भार बरोबर आहे," तो म्हणाला. "एवढ्या भाराला हे विमान एका इंजिनावर वाळू गाठतं. म्हणजे चूक हाकणाऱ्याची."

माझ्या आडोशाला मास्तर शेटांच्या कानाशी लागले. "शेट, त्या गलक्यात मी काही ऐकलं नाही. ताई तुमच्या, मुलगी तुमची. तुम्ही नाही बोललात तर विषय संपला. गेलेला माणूस काही परत यायचा नाही."

खरं सांगतो, मला त्यांची खात्री नव्हती. नावावर जगणारा माणूस. पंचक्रोशीत त्यांच्या काट्याची शपथ घ्यायचे लोक.

तेवढ्यात ठमाबाई तंबूपुढे येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"सायब, माजा पोर चुकला काय? व्हय का न्हाय, येवढंच सांगा. मंग मी जाते."

अंमलदाराने मान खाली घातली. साहेबाने 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," शेट म्हणाले.

ते पुढे आले, टेबलावरचा कागद उचलला. "हा कागद खोटा आहे. अक्षर माझं आहे. मी माणसांना कडता दिला." आणि त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं: ताईंचे वीस, मास्तरांचे दहा, स्वतःचे, गोदूचे, पोत्यांचे. "तो पोरगा वर असताना मला विचारत होता. दीडशे जास्त घेऊन त्याने आम्हाला इथवर आणलं."

साहेबाला 'कडता' कळेना. मास्तरांना सांगायची पाळी आली. गळ्यात हात बांधलेला, बिचारे शब्द शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "मेहरबानी केली, साहेब. वजनावर मेहरबानी केली."

तंबूत कुणी हसलं नाही.

शेटांनी ठमाबाईपुढे डोकं टेकवलं. तिने त्यांना उठवलं नाही, शिवीही दिली नाही. "चुकला न्हाय," एवढंच ती स्वतःशी म्हणाली आणि घरी गेली.

कंपनीने फेरी बंद केली. शेटांचा अडतेपणा गेला, आणि काही गिऱ्हाइकंही गेली. ज्यांनी वर्षानुवर्षं कडता खाल्ला तीच आधी गेली, हे जरा लक्षात ठेवा. माझा मोडका डबा कुणाला नको होता. ठमाबाईने गावकऱ्यांना सांगून मला ओंडक्यांवरून इथे ओढत आणलं, पाठीवरची फट फळ्यांनी बुजवली. पोटात सुकट ठेवते. रोज सकाळी आत येते, उगीच बसते, जाते.

वर्ष झालं आणि धर्माशेट, नीराबाई, गोदू मचव्याने थळला आले. गोदूच्या कडेवर मुलगी: राही. गोदूने त्या पाण्यातच नवस केला होता, की वाचलो तर पोराची नारळांनी तुला करीन आणि ते नारळ थळच्या माणसांना वाटीन.

वखारीतला तोच काटा. टांगायला जागा हवी. ठमाबाईने माझ्या दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "हितं बांधा."

एका पारड्यात राही. दुसऱ्यात शेट नारळ रचायला लागले. दांडी सपाट झाली, तरी जुनी सवय. त्यांनी आणखी दोन नारळ उचलले आणि वर ठेवले. पारडं खाली गेलं, राही वर उचलली गेली आणि खिदळली.

"शेट," ठमाबाई म्हणाली.

ते थांबले.

"जास्ती नगं, कमी बी नगं. हाय तेवढंच."

नीराबाईने तोंडाला पदर लावला. शेटांनी ते दोन नारळ काढले. आपले दोन्ही हात मागे घेतले आणि पाठीशी धरले. दांडी वर-खाली झाली, वर-खाली झाली, आणि थांबली. सगळा भार माझ्या चौकटीवर आला होता. इतकी माणसं वाहिली मी, पण कुणाचं जेवढं मोजलं तेवढंच वजन माझ्या अंगावर आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ठमाबाईने राहीला पारड्यातून उचललं आणि पहिल्यांदाच कडेवर घेतलं.

आता निघा तुम्ही. भरती लागेल आणि तुमची होडी सुटेल. जाताना एवढंच मागतो. कुणी कधी तुम्हाला तुमचं ओझं विचारलं, तर संकोच करू नका, आणि कुणी प्रेमाने कमी लिहू लागला तर त्याचा हात धरा. ते सोडून दिलेलं वजन हवेत राहत नाही. कुणाच्या तरी पायावर येतं.

आणि हो, दारातून वाकून आत जरा बघून जा. समोरच्या फळीला एक वाकडं लोखंड ठोकलेलं दिसेल. कंपनीने मागितलं होतं. ठमाबाईने दिलं नाही. ती डाव्या पायाची पट्टी. अजून दाबलेलीच आहे.